विषयतज्ज्ञ फेगडे

फेगडे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून गटारात काडी घालत होते.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. अंगावर कडक इस्त्रीची साडी, डोळ्यांवर गॉगल आणि पायांत उंच टाचा. जळगावची काळी माती ज्यांनी पाहिली आहे त्यांना उंच टाचांचं पुढे काय झालं ते सांगायला नको. लग्न होऊन नाशिकहून नुकतीच आले होते, पर्समध्ये खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजातल्या नोकरीची ऑर्डर होती आणि डोक्यात अशी समजूत होती, की आता खानदेशाचं बरं होणार. रिक्षावाल्यानं मला भलत्याच फाट्यावर सोडलं. समोर हा काडीवाला माणूस. मी त्याला नगरपालिकेचा मुकादम समजले आणि वरच्या पट्टीत विचारलं, "ए भाऊ, इंजिनीअरिंग कॉलेज कुठंय?"

त्यांनी मान न वळवता सांगितलं, "हे पाणी जिकडं चाललंय तिकडं जा. आपलं कॉलेज उतारावर आहे. सगळं तिथंच येऊन साचतं."

तासाभरानं प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये ओळख करून दिली. "हे फेगडे सर. नगररचना शिकवतात." सरांनी हात जोडले आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, "आमची भेट झालीय. मी यांचा भाऊ."

तेव्हापासून मी त्यांच्यासमोर गॉगल लावला नाही.

फेगडे सर सावद्याचे. घरची केळीची बाग, दोन भाऊ शेतीत, हे एकटेच शिकून आर्किटेक्ट झाले. पुढे नगररचनेची पदव्युत्तर पदवीही घेतली, सरकारी नोकरी धरली, ती का सोडली ते कधी बोलले नाहीत, आणि जळगावला येऊन शिकवायला लागले. सावद्याला गेले की थोरला भाऊ म्हणायचा, "आंधी सोताचं घर बांध, मंग गावाचं पाह्यजो." कारण फेगडे सर जळगावात दोन खोल्यांत भाड्यानं राहत. सगळ्या शहराला प्लॉट कुठं घ्यावा ते त्यांना विचारायचं असे, आणि त्यांना स्वतःला प्लॉट नव्हता.

ते दिवस प्लॉटांचेच होते. कालपर्यंत कापूस उभा असलेल्या शेतात आज पांढऱ्या फक्कीच्या रेघा दिसायच्या, की समजावं नवी कॉलनी आली. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला 'नगररचना आणि जमीन विकास' असा एक ऐच्छिक विषय होता, त्यातल्या 'जमीन विकास' या दोन शब्दांवर स्टाफरूम टपून असायची. गणितवाले विचारायचे, शिपाई विचारायचे. फेगडे सर सगळ्यांना उलट प्रश्न करायचे. भाजी कुठून आणणार? म्हातारी आई संध्याकाळी कुठं जाऊन बसणार? मला म्हणाले, "मॅडम, प्लॉट पाहायला उन्हाळ्यात जाऊ नका, श्रावणात जा." मी नाशिकची. मला कोण शिकवणार? मी एप्रिलमध्ये जाऊन कॉर्नरचा प्लॉट घेतला. श्रावणात आमच्या ह्यांची स्कूटर त्या प्लॉटमध्ये अशी रुतली, की ती काढायला बैलजोडी आणावी लागली, आणि बैलवाल्यानं माझ्याकडे बघून जे हसू दाबलं ते मला अजून दिसतं.

आता मूळ दुखण्याकडे येते. हे दुखणं माझं नाही, सरांचं होतं, पण त्यांनी ते कधी कुरवाळलं नाही म्हणून मला कुरवाळावं लागलं.

फेगडे सर तात्पुरते होते. म्हणजे जूनमध्ये ऑर्डर मिळायची आणि एप्रिलच्या शेवटी ती संपायची. मे महिना ते कोणाचेच नसत. मेमध्ये त्यांच्याच जागेची जाहिरात येई, ते अर्ज करत आणि मुलाखतीला धुळ्याला जात, कारण कॉलेज जळगावला असलं तरी संस्थेचं मुख्य ऑफिस धुळ्याला. कायम व्हायचं तर निवड समितीनं निवडावं लागे, समितीत विद्यापीठानं पाठवलेला विषयतज्ज्ञ असावा लागे, आणि वर विद्यापीठाची मान्यता लागे. या तीन चाकांपैकी दरवर्षी एक तरी निखळायचं.

माझी निवड पहिल्या फटक्यात झाली होती. समितीनं मला दोनच प्रश्न विचारले. तुम्ही मूळच्या कुठल्या, आणि मिस्टर काय करतात. दोन्हींची उत्तरं मला येत होती.

सरांनाही असेच प्रश्न यायचे. सावद्याचे ना तुम्ही, यंदा केळी कशी आहे? सर मन लावून उत्तर द्यायचे. करपा पडलाय, वाऱ्यानं बागा आडव्या झाल्यात, वॅगन वेळेवर मिळत नाहीत. समिती समाधानानं माना डोलवायची. मग विषयतज्ज्ञ, जे बहुधा धरणांचे किंवा काँक्रीटचे जाणकार असत, एखादं सूत्र विचारत. सर सांगत, "ते आमच्या मॅडम शिकवतात, त्यांना विचारा." निकाल यायचा, योग्य उमेदवार उपलब्ध नाही. आणि जूनमध्ये त्याच अयोग्य उमेदवाराला प्राचार्य फोन करायचे, की सर, वर्ग सुरू झालेत, या. मेमध्ये अयोग्य, जूनमध्ये योग्य. आमच्याकडचा मे महिना माणसाचं काहीही करू शकतो, हे कबूल. पण दरवर्षी?

मालतीवहिनी, म्हणजे फेगडे सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, "सगळ्यांच्या घरी दहावी एकदा येते. आमच्याकडे दर मेमध्ये. आणि निकाल कायमचा राखून ठेवलेला."

मला वाटे की सगळा घोळ सरांच्या बोलण्यामुळे होतोय. म्हणून एका वर्षी मी त्यांना मुलाखतीसाठी तयार करायचं मनावर घेतलं. प्रश्न विचारायचे नाहीत, उत्तरं द्यायची. 'येत नाही' म्हणायचं नाही. हसायचं. आणि आमच्या ह्यांचा लग्नातला टाय मी त्यांच्या हातात दिला. धुळ्याला मी स्वतः बरोबर गेले. एसटीत पारोळ्यापर्यंत त्यांची उजळणी घेतली. ते निमूट ऐकत होते, मधेच खिडकीतून बोट दाखवून सांगत होते, की हा बायपास झाला की हे गाव पाठ फिरवून बसेल बघा. मी म्हणे, सर, हसा. धुळ्याला पोचल्यावर पाहते तर गळा मोकळा. टाय कुठाय विचारलं, तर त्यांनी काखेतली सुरळी दाखवली. विद्यार्थ्यांचे नकाशे त्या टायनं आवळून बांधले होते.

त्या वर्षी विषयतज्ज्ञ आलेच नाहीत. आम्ही दुपारभर व्हरांड्यात बसलो. दरवर्षी सरांना आलेलं पाहणारा लोटन नावाचा शिपाई तिथं होता. सरांना माठातलं पाणी देत म्हणाला, "सर, यंदा बी उनात? बठ्ठा लोके जेवाले गयात." बठ्ठा म्हणजे सगळी समिती जेवायला गेली ती परत आलीच नाही. मी संतापले. सरांनी मात्र मला जुन्या धुळ्यात फिरवून आणलं. तिथं गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. एक नंबर, दोन नंबर, सरळ, एकाला एक समांतर. त्या गल्ल्यांतून ते असे चालत होते, की जणू कोणी त्यांच्या बागेतल्या केळीच्या ओळी दाखवायला आणलंय. मी मागून फणकारत होते, की सर, तुम्हाला राग कसा येत नाही? ते म्हणाले, "कुणाचा करू?"

आणि खरंच, कुणाचा? हाच तर माझा आजतागायतचा जळफळाट आहे. त्यांच्या विरोधात कोणीच नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते हिवाळ्यात भरिताच्या पार्टीला सरांना स्वतःच्या शेजारी बसवत. प्राचार्य त्यांच्या मुलाच्या अॅडमिशनचा सल्ला सरांना विचारत. एका वर्षी तर समितीनं त्यांना निवडलंसुद्धा. तेव्हा विद्यापीठानं मान्यता नाकारली, कारण त्यांची पहिली पदवी स्थापत्याची नव्हती. म्हणजे नगररचना शिकवायला नगररचना शिकलेला माणूस चालेना. आणि त्याच आठवड्यात त्याच विद्यापीठानं त्यांना नगररचनेची प्रश्नपत्रिका काढायला बोलावलं. परीक्षक म्हणून ते मान्य होते, शिक्षक म्हणून नव्हते. एखादा दुष्ट माणूस असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं. ह्या सगळ्या भल्या माणसांशी कसं भांडायचं?

वर्गात मात्र ते दुसरेच असत. आवाज चढायचा नाही, पण खडू मोडायचे. त्यांचा एक नियम होता. जळगावच्या नकाशावर नवा रस्ता सुचवायचा, तर ती रेघ ज्या घरावरून जाते त्या घरी जायचं आणि तिथलं पाणी पिऊन यायचं. मग मार्क. पोरं वैतागायची. काही जण कोपऱ्यावरच्या हॉटेलात पाणी पिऊन यायचे. सर दारांचा रंग विचारून त्यांना पकडायचे. एकानं पाणी पिऊन आल्यावर कळवळून रेघ शेजारच्या घरावर सरकवली, तेव्हा सर म्हणाले, "आता शेजारच्या घरचं कोण पिणार? तुझे वडील?"

एका वर्षी वर्गात एकच मुलगी होती. नसीम शेख. वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे, घरातच कारखाना. वर्गात बसली की पत्र्यावरच्या ठोक्यांना सरावलेल्या माणसासारखी मोठ्यानं बोलायची. तिचा नकाशा पाहून सर म्हणाले, पाणी पिऊन आलीस का? ती म्हणाली, "सर, रेघ आमच्याच घरावरून जातेय. तिथलं पाणी मी रोजच पिते."

सरांनी खडू खाली ठेवला. मग संध्याकाळी स्वतःच तिच्या घरी गेले. मला बरोबर नेलं, कारण मुलीच्या घरी एकट्यानं जायला त्यांना अवघड वाटत होतं. तिच्या अब्बांनी दोन नव्या कोऱ्या पेट्यांवर चादर टाकून आम्हाला बसवलं, पाणी दिलं. सरांनी नकाशा उलगडून दाखवला. अब्बांनी बराच वेळ पाहिलं आणि बायकोला हाक मारून म्हणाले, "सुना? इसको पढाया, तो पहले अपनाच घर गिरा रही." पण म्हणताना त्यांच्या मिशा हसत होत्या. परत येताना सर चौकात सायकल थांबवून म्हणाले, "मॅडम, हिला पुढे पाठवायला पाहिजे." त्यांनी पाठवलंही. कुठं अर्ज करायचा, काय वाचायचं, सगळं तेच बघत होते. नसीम बाहेर जाऊन नगररचनेची पदव्युत्तर पदवी घेऊन आली.

ती आली त्याच वर्षी नियम बदलला. आता आर्किटेक्टही चालणार होता, पदव्युत्तर पदवी मात्र नगररचनेचीच हवी. म्हणजे जाहिरात सरांच्या मापाचीच शिवून आली. पण तिला एक शेपूट होतं. जागा यंदा भरली नाही तर ती कायमची रद्द, आणि जागेबरोबर विषयही बंद. एवढी वर्षं रिकामी असलेली जागा कशाला हवी, असं वर कोणाला तरी सुचलं होतं.

नसीम अर्ज करायच्या आधी सरांकडे आली. म्हणाली, तुम्ही आहात तर मी करत नाही. सर म्हणाले, कर, मुलाखतीची सवय होईल. त्यांना स्वतःच्या निवडीची खात्री होती. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहत होते. वहिनींनी त्यांना नवा शर्ट घेतला होता. मी तोवर विभागप्रमुख झाले होते. हसू नका. कायम असलेल्यांत मी ज्येष्ठ होते, एवढीच माझी लायकी. त्यामुळे समितीत मीही बसणार होते आणि या खेपेला काही निखळू द्यायचं नाही असं ठरवून बसले होते.

मुलाखतीच्या आठ दिवस आधी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. विद्यापीठानं समितीवर विषयतज्ज्ञ नेमला होता. धरणवाले नाहीत, काँक्रीटवाले नाहीत. विद्यापीठानं या वेळी अगदी चोख काम केलं होतं. नगररचनेचा आपल्या भागातला सर्वांत जुना आणि अनुभवी परीक्षक शोधून काढला होता.

श्री. वामन फेगडे.

सरांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे. मीच आहे."

मी तर टेबलावर हात आपटला. म्हटलं, मी आत्ता जाते विद्यापीठात. प्राचार्यांनी मला खाली बसवलं. दुसरा तज्ज्ञ मागवायचा तर सगळी प्रक्रिया पुन्हा, आणि तोवर मुदत टळणार. सर तज्ज्ञ म्हणून बसले तर उमेदवार होता येत नाही. उमेदवार झाले तर तज्ज्ञ नाही, तज्ज्ञ नाही तर समिती नाही, समिती नाही तर जागा रद्द. मला तो वर्तुळाकार मूर्खपणा समजायला वेळ लागला. सरांना लागला नाही. त्यांना रस्त्यांची सवय होती. कोणता रस्ता कुठं जाऊन बंद होतो ते त्यांना बसल्या जागी दिसायचं.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, धीर द्यायला म्हणून. खरं म्हणजे भांडायला. वहिनी कळण्याच्या भाकरी थापत होत्या. त्यांनी मला पाट दिला आणि माझ्यासमोरच नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्ही उमेदवार म्हणूनच जा. एकदा तरी पात्र होऊन त्यांच्यासमोर बसा."

"जागा जाईल, मालती."

"जाऊ द्या. ती कधी तुमची होती? दर मेमध्ये मी शाळेत सांगते, ह्यांना सुट्टी आहे. सगळ्यांना माहीत असतं सुट्टी कसली ते." परातीतलं पीठ त्यांनी पुन्हा पुन्हा मळलं. "तुम्ही स्वतःला काय म्हणवता ते मला माहीत आहे. मला एकदा दुसऱ्यांनी म्हणायला हवंय."

सर जेवले आणि हात धुऊन ओट्यावर जाऊन बसले. काय ठरवलं ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही.

धुळ्याला त्या दिवशी ऊन असं होतं, की ऑफिसच्या खिडक्यांना लावलेले वाळ्याचे पडदे लोटन दर थोड्या वेळानं भिजवत होता. टेबलाच्या एका बाजूला आबा, प्राचार्य, विद्यापीठाचे एक प्रतिनिधी, मी आणि विषयतज्ज्ञ फेगडे. समोर उमेदवाराची एक खुर्ची. यादीत दोन नावं होती, फेगडे आणि शेख. नसीम बाहेर बसली होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सर पुन्हा धुळ्याला आलेत, त्यांचीच मुलाखत आधी चालू आहे, असंच तिला वाटत होतं.

आबांनी घसा खाकरला. आबा म्हणजे कुठलीही गाठ सुटत नसेल तर कापणारा माणूस. म्हणाले, "फेगडे सर, तुम्ही काय परका शेतस का? आधी तुमचं उरकून घेऊ. तुम्ही उठा, तिकडं बसा. स्वतःला दोन प्रश्न विचारा, उत्तर द्या, परत इकडं येऊन सही करा. खुर्चीच तर बदलायची."

प्रतिनिधी कपाळ पुसत म्हणाले की मी काही पाहिलं नाही. आणि मी? मी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. लगबगीनं उठून मी सरांची खुर्ची मागं ओढली. मला वाटलं, झालं, खानदेशाचं बरं झालं.

सर उठले. टेबलाला वळसा घालून खरोखरच समोरच्या खुर्चीवर जाऊन बसले. नवा शर्ट, खिशात रंगीत पेन्सिली. हात मांडीवर. आम्ही सगळे सुटलो असं वाटून सैलावलो. त्यांनी समोर पाहिलं. आबा होते, प्राचार्य होते, मी होते, आणि मधे त्यांचीच रिकामी खुर्ची. त्या खुर्चीकडे ते बघत राहिले. 

मग ते म्हणाले, "आबा, इथं विचारायला कोणीच नाही."

ते उठले, पुन्हा वळसा घालून आमच्या बाजूला आले, बसले आणि म्हणाले, "माझा अर्ज मागं घेतलाय असं लिहून घ्या. मुलीला बोलवा."

नसीम आत आली. सरांना टेबलाच्या या बाजूला पाहून तिचं पाऊल दारातच अडखळलं. आबांनी सवयीनं विचारलं, काय बाळ, कुठली तू, वडील काय करतात? ती तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "ते असू द्या आबा. मी विचारतो."

आणि त्यांनी विचारायला सुरुवात केली. मी किती मुलाखतींना बसले असेन आयुष्यात, तशी मुलाखत पुन्हा पाहिली नाही. ते तिला सोलत होते. शेतजमिनीचे प्लॉट पाडताना सगळ्यांत आधी काय हरवतं? बाजार गावाबाहेर नेला तर रोज विकून रोज खाणाऱ्यांनी जायचं कुठं? कॉलनीतली मोकळी जागा मोकळीच राहावी म्हणून तू काय करशील? मला वाटलं, पोरगी रडणार. मी टेबलाखालून सरांच्या पायाला पाय लावला. तो आबांचा निघाला. सरांनी शेवटी विचारलं, "तुमच्या घरावरून जी रेघ मारली होतीस, ती आज मारशील?"

"नाही, सर."

"का? घर आपलं म्हणून?"

"नाही. रस्ताच नको होता तिथं. तुम्हाला धुळ्याच्या गल्ल्या फार आवडतात, म्हणून आम्ही सगळे सरळ रेघा मारायचो. आमच्या मोहल्ल्यात रस्ता वाकडा आहे, कारण प्रत्येक जण दारात काम करतो. सरळ केला तर गाड्या जोरात जातील आणि पेट्या आत जातील." एवढं मोठ्या आवाजात बोलून ती एकदम घाबरली. "तुमचं चुकलं होतं, सर."

आबा पक्के धुळ्याचे, ते खुर्चीत चुळबुळले. सर तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी अजून नाव शोधतेय. एवढी वर्षं ते या खोलीत केळीबद्दल बोलले होते. आज पहिल्यांदा इथं शहराबद्दल बोलणं झालं होतं, आणि कोणीतरी त्यांना नाही म्हणालं होतं.

"आणखी बोल," ते म्हणाले.

निवड झाली. सरांनी सही केली. बाहेर लोटन म्हणाला, "सर, आज ते बठ्ठा येळ तुम्हीच बोलनात." त्याला वाटलं, काम झालं. सरांनी त्याच्या हातावर बडीशेप ठेवली.

स्टँडवर नसीमला खरा प्रकार मी सांगितला. ती रडायलाच लागली, मी रुजू होणार नाही म्हणाली. फेगडे सरांना मी आयुष्यात एकदाच चिडलेलं पाहिलं, ते तिथं. भर स्टँडवर ते ओरडले, "मग मी सही कशावर केली?" लोक वळून पाहायला लागले. ते तसेच जळगावच्या गाडीत चढले आणि खिडकीशी बसून डोळे मिटले. एरंडोल आलं, गेलं. त्या दिवशी त्यांनी एकही गाव मला दाखवलं नाही.

मी विद्यापीठाला लिहिलं, आबांना भेटले, सरांसाठी दुसरी काही जागा काढा म्हणून हिंडले. सगळे म्हणाले, हो, हो, फेगडे सर म्हणजे आपला माणूस. जूनमध्ये त्यांना कोणी फोन केला नाही. त्यांनी जळगावच्या खोल्या सोडल्या आणि सावद्याला गेले. वहिनींनी तिकडच्या शाळेत बदली मागून घेतली. माझ्याशी त्या पुढे बोलल्या नाहीत. मी खुर्ची ओढून दिली होती हे त्यांना कोणी सांगितलं नसावं, पण मी समितीत होते एवढं पुरेसं होतं, आणि मला त्यांचं पटतं.

त्यानंतर मी सरांना एकदाच पाहिलं. नसीमच्या पहिल्या बॅचची तोंडी परीक्षा होती आणि विद्यापीठानं बाहेरचा परीक्षक म्हणून त्यांनाच पाठवलं होतं. परीक्षक तर ते होतेच, ते पद कोणी काढलं नव्हतं. प्राचार्य फाटकापर्यंत आणायला गेले. चांगल्या कपबशा निघाल्या. सर काळवंडले होते, तळहातांवर केळीच्या चिकाचे डाग होते, पण खिशात पेन्सिली तशाच. नसीमच्या विद्यार्थ्यांना त्यांनी दिवसभर पिळून काढलं.

संध्याकाळी कॉलेजची जीप त्यांना स्टँडवर सोडायला उभी होती. तिच्या बॉनेटवर एका मुलाचा नकाशा पसरला होता, भोवती पोरांचं कोंडाळं आणि नसीम. एका मुलानं सहज विचारलं, "सर, तुम्ही कुठल्या कॉलेजला शिकवता?"

नसीमनं मान खाली घातली. सरांनी पेन्सिल उचलली. "ही गल्ली इथं का बंद केलीस ते आधी सांग," ते म्हणाले आणि नकाशावर वाकले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वरच्या व्हरांड्यातून प्राचार्य ओरडले की फेगडे सर, सावद्याची शेवटची गाडी जाईल. त्यांनी डोकं वर केलं नाही. मी खिडकीतून बघत होते. उतरून खाली जायला हवं होतं, पण आत आबा येऊन बसले होते. पुढच्या वर्षीच्या जागांची जाहिरात काढायची होती आणि विभागप्रमुखांची सही हवी होती.